फोटोच्या कडेला नासिर

पांढरकवडा
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय कपिल,

फोनच करणार होतो, पण घरी अम्मी बाजूले बसून असते अन् गॅरेजात हवेची मशीन बोलू देत नाही. म्हणून हा ई-मेल. मोबाईलवर मराठी टाईप कराले मले वेळ लागते. चुका होतीन, समजून घे.

काम सांगतो. आपल्या हायवे व्हॉलीबॉल क्लबची वेबसाइट करायची आहे. हसू नको. जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव द्याले गेलतो, तर टेबलावरचा माणूस म्हणे, ‘तुमची साइट सांगा.’ मी म्हटलं, आमची साइट म्हणजे गॅरेजच्या मागचं ग्राउंड, या कधीबी. तो काही हसला नाही.

तू तिकडं कोईमतूरले हेच काम करतं ना? सवडीनं कर, घाई नाही. फक्त एक गोष्ट पक्की पाहिजे. साइट कोणत्याबी फोनवर उघडली पाहिजे. काच फुटलेल्या, रेंज नसलेल्या, जुन्या फोनवर बी. ड्रायव्हर लोकाच्या हातात असतात ना, तसे. कॉम्प्युटरवर कशी दिसते, त्याच्याशी मले देणंघेणं नाही.

तुझा,
जमीर

कोईमतूर
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय जमीर,

तुझं पत्र ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या वाचलं. ‘गेलतो’ वाचून एकटाच हसलो, शेजारचा बघायला लागला. त्याला काय सांगणार? इथे मराठी कळणारं कोणी नाही. आई-बाबा ताईकडे नागपूरला राहायला गेले आणि आमचं पांढरकवड्याचं घर दुसऱ्याचं झालं, तेव्हापासून माझं तिकडे येणंच थांबलं. ‘गेलतो’ किती वर्षांनी डोळ्यांसमोर आला.

साइट करतो. आनंदाने करतो. तू म्हणतोस त्याला आमच्याकडे ‘रिस्पॉन्सिव्ह’ म्हणतात. पडदा लहान असो की मोठा, पान आपणहून त्याच्या मापात बसतं. मोठ्या पडद्यावर मजकूर आणि फोटो शेजारी शेजारी, मोबाईलवर एकाखाली एक. फोटो हलके ठेवले की कमी रेंजमध्येही उघडतं. त्याची काळजी करू नको.

मला क्लबची माहिती लिहून पाठव. कसा सुरू झाला, कोण खेळायचं. जुने फोटो पाठव. आणि तुझ्या अब्बांविषयी, आपल्या मिस्त्रीचाचांविषयी, जास्त लिही. त्यांच्या मातीला मला येता आलं नाही.

कपिल

पांढरकवडा
२३ नोव्हेंबर २०२४

प्रिय कपिल,

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या, रोज एखादीचा पट्टा तुटते. म्हणून उशीर.

क्लबचं असं. अब्बानं हायवेच्या कडेले गॅरेज टाकलं, तवा लहानसा पार्ट बी नागपूरहून याचा. तोपर्यंत ट्रक उभे. ड्रायव्हर अन् क्लीनर पत्ते खेळत अन् पत्त्यावरून भांडत. अब्बा वैतागला. मागच्या पडीक जागेत त्यानं दोन लोखंडी पाईप गाडले, मधात जाळी बांधली अन् म्हणे, आता इथं भांडा. पंजाबचा ड्रायव्हर स्मॅश मारे, आंध्राचा क्लीनर उचले, अन् आपल्या गावचे पोट्टे पाहून पाहून शिकले. हाच क्लब. तू बी तिथंच शिकला, अन् तुले सर्व्हिस कधी जमली नाही, हे साइटवर लिहू नको.

टीमचा फोटो पाठवतो. वणीची फायनल जिंकलो तवाचा. मधात अब्बा. त्याच्या पायाजवळ बसलेला गोपाल, आपला स्मॅश मारणारा. मागं मी. उजव्या टोकाले नासिर. हाच फोटो मोठा करून लाव.

जमीर

कोईमतूर
२ डिसेंबर २०२४

प्रिय जमीर,

पहिला आराखडा तयार आहे. लिंक खाली दिली आहे, मोबाईलवर उघडून बघ. वर क्लबचं नाव, खाली टीमचा फोटो, मग इतिहास. तुझे शब्द फारसे बदलले नाहीत. ‘आता इथं भांडा’ तसंच ठेवलंय.

अगदी सुरुवातीला चाचांना श्रद्धांजली टाकली आहे. त्यांचा हसरा फोटो, हार आणि दोन ओळी. ते मी माझ्या मनाने केलं. आवडेल असं वाटतं.

खेळाडूंच्या पानावर नासिरचा अलीकडचा फोटो हवा. तुझा हा धाकटा भाऊ हैदराबादला कामाला आहे असं तू मागे म्हणाला होतास. त्याला म्हणावं, मलाच पाठव. तुझ्यापेक्षा तोच बरा फोटो काढेल. मी निघालो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. आता ओळखू येईल का?

कपिल

पांढरकवडा
४ डिसेंबर २०२४

प्रिय कपिल,

साइट पाह्यली. लय चांगली झाली. दोन गोष्टी बदल.

एक. गोपालच्या कॉम्प्युटरवर फोटो पुरा दिसते, पण माझ्या फोनवर दोन्ही बाजूनं कटते. अब्बा दिसते, गोपाल दिसते, मी दिसतो. नासिरचा फक्त खांदा दिसते. असं नको.

दोन. श्रद्धांजली काढून टाक. अब्बाचं नाव अध्यक्ष म्हणून लाव, पहिले होतं तसं.

नासिरचा नवा फोटो नाही.

जमीर

कोईमतूर
६ डिसेंबर २०२४

प्रिय जमीर,

फोटोचं चुकलं खरं. लहान पडद्यावर चेहरे मोठे दिसावेत म्हणून मी मधला भाग धरून कडा कापल्या होत्या. आता तसं केलं नाही. कुठल्याही फोनवर पूर्ण फोटो दिसेल, चेहरे मात्र बारीक होतील. बोटांनी मोठं करून बघता येईल.

दुसरं मला कळलं नाही. गेलेल्या माणसाला अध्यक्ष कसं म्हणायचं? गावात कोणाला माहीत नाही का? मला राग आला असं समजू नको, पण वाईट वाटलं. चाचांनी मला शाळेनंतर तिथे बसू दिलं, चहा पाजला, सर्व्हिस येत नाही म्हणून कधी हाकललं नाही. त्यांच्यासाठी मला एवढंच करता येणार होतं.

काहून काढायचं ते तरी सांग.

कपिल

पांढरकवडा
१९ डिसेंबर २०२४

प्रिय कपिल,

एवढे दिवस लिहू की नको हेच चाललं होतं. आज अम्मी खालाकडे गेली आहे, म्हणून लिहतो.

नासिर हैदराबादले नाही. तो कुठं आहे, मले माहीत नाही. हैदराबाद मी लोकाले सांगतो, अन् सांगून सांगून एखाद दिवस मलेच खरं वाटते.

तू गेल्यावरची गोष्ट आहे. पुसदले मॅच होती. बस चुकली. गॅरेजात एका गिऱ्हाईकाचा टेम्पो उभा होता, तो नासिरनं न विचारता काढला अन् टीमले बसवलं. वळणावर टेम्पो पलटला. सगळे वाचले, पण गोपालचा उजवा हात खांद्यातून मोडला. आता तो खांद्याच्या वर जात नाही. गोपालचा हात म्हणजे काय होता, तुले माहीत आहे.

अब्बानं नासिरले ग्राउंडवर, सगळ्यांच्या समोर उभं केलं. मारलं नाही. फक्त म्हणे, ‘आज से मेरा एकच बेटा है.’ अन् माझ्या खांद्यावर हात ठेवला. नासिर त्याच दिवशी निघून गेला. फोन घरीच ठेवून गेला.

दवाखाने पाह्यले, पोलीस झाले, रोडवरचे ढाबे झाले. अब्बा पहिले बोलेच ना. मग एक दिवस मी पाह्यलं, ग्रीस पंप हातात धरून तो एका ड्रायव्हरले विचारून राह्यला होता, माझा लहाना पोरगा दिसला का, उंच आहे, डाव्या हातानं सर्व्हिस करते. त्यानंतर जो ट्रक थांबला, त्याले अब्बानं विचारलं. मरेपर्यंत विचारलं.

हे नासिरले माहीत नाही. अब्बा गेला, हे बी माहीत नाही. त्याच्यासाठी अब्बा अजून ग्राउंडवर उभा आहे अन् तेच बोलून राह्यला आहे.

वेबसाइट मी स्पर्धेसाठी नाही केली, कपिल. कुठंतरी तो आपल्या गावचं नाव फोनवर टाकीन, असं वाटते. अन् त्यानं उघडलं तर पहिले काय दिसीन? हार घातलेला अब्बा. जवळ कोणी नसताना, एखाद्या ढाब्यावर बसून. नाही. ते मले त्याच्या समोर बसून सांगायचं आहे.

जमीर

कोईमतूर
२० डिसेंबर २०२४

जमीर,

श्रद्धांजली काढली. अध्यक्षही लिहिलं नाही. ‘संस्थापक : मिस्त्रीचाचा’ एवढंच ठेवलंय. ते कालही खरं होतं, पुढेही राहील, आणि त्यातून काही कळतही नाही.

शेवटी एक ‘आम्हाला लिहा’ अशी चौकट केली आहे. त्यात नाव टाकायची सक्ती नाही, नंबरचीही नाही. कोणाला नुसती एक ओळ लिहायची असेल तर लिहिता येईल. आलेला निरोप थेट माझ्याकडे येईल, मी तुला कळवीन.

साइट आज सगळ्यांसाठी सुरू केली. किती लोक कोणतं पान बघतात, ते तुलाही दिसेल. कसं बघायचं ते खाली लिहिलंय.

मी तुला गेल्या पत्रात जे बोललो, ते मनावर घेऊ नको.

कपिल

पांढरकवडा
११ जानेवारी २०२५

कपिल!

रोज सांजच्याले कोणीतरी टीमच्या फोटोचं पान उघडते. रोज म्हणजे रोज. मोबाईलवरूनच. अन् उघडून तसंच ठेवते, लय वेळ. गाव काही दिसत नाही. बाकी पान कोणी एवढं पाहत नाही.

तो असंच पाहीन, मले माहीत आहे. लहानपणी बी एखाद्या वस्तूकडे पाह्यलं की पाहतच राहे.

मी अम्मीले सांगून टाकलं. सांगाले नको होतं का? पण तिचा चेहरा पाह्यला असता तर तू बी सांगतलं असतं. तिनं नासिरची गोधडी पेटीतून काढली, धुतली, गच्चीवर उन्हात टाकली. आता पुढं काय करायचं? आपल्याकडून त्याले काही लिहिता येते का? तू सांग, तुले याच्यातलं समजते.

जमीर

कोईमतूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय जमीर,

हे पत्र लिहायला सकाळपासून बसलोय.

तो मी आहे.

ऑफिसातून आलो की भात लावतो. जेवताना फोन पाण्याच्या ग्लासला टेकवून ठेवतो आणि तो फोटो उघडतो. समोर कोणी बसल्यासारखं वाटतं. मी त्या फोटोत नाही, तरी त्यातली सगळी माणसं माझी आहेत. कधी कधी बोलतोही. गोपालला विचारतो, आज काय झालं बे. मोठ्याने मराठी बोलायला मला दिवसभरात तेवढीच जागा मिळते. आपल्या स्वतःच्या भेटी या आकड्यांतून वगळायच्या असतात, हे मला माहीत आहे, आणि मी ते केलं नाही. त्याचा कोणी असा अर्थ लावेल, हे सुचलंच नाही.

अम्मींना कसं सांगशील? मी फोन करून सांगू का?

कपिल

पांढरकवडा
२५ जानेवारी २०२५

प्रिय कपिल,

अम्मीले मीच सांगतलं. मले वाटलं रडीन. तिनं एवढंच विचारलं, ‘कपिल अकेला खाता है क्या?’ मी म्हटलं हो. म्हणे, ‘सालन बनाना आता है उसकू?’

गोधडी तिनं परत पेटीत नाही टाकली. नासिरच्या खाटेवर ठेवली आहे.

आकड्यातून स्वतःले काढू नको. राहू दे.

जमीर

कोईमतूर
३ फेब्रुवारी २०२५

जमीर,

तुला दोनदा फोन लावला, उचलला नाहीस. अम्मी जवळ असतील म्हणून लिहितो. वाचलं की बाहेर जा.

आज चौकटीतून निरोप आला. एकच ओळ आहे :

‘गोपालचा हात कसा आहे?’

नाव नाही. नंबर मात्र दिलाय, तो खाली लिहिलाय. मी लावला नाही. तो फोन तूच लावायला हवास.

यावेळी हा मी नाही.

कपिल

पांढरकवडा
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय कपिल,

तुझे फोन येत होते, पण मले बोलता आलं नसतं. आता लिहतो.

नंबर पूनमसिंग नावाच्या माणसाचा निघाला. पुसदकडचा आहे, तेलंगणात निर्मलजवळ एका कापसाच्या जिनिंगात फिटर आहे. त्यानं सांगतलं ते असं. तो मोबाईलवर आपल्या जिल्ह्याच्या स्पर्धेचे निकाल शोधत होता, तर आपला क्लब निघाला. सोबत काम करणारा एक जण पांढरकवड्याचा आहे, एवढं त्याले माहीत होतं, म्हणून त्याले दाखवाले नेलं. त्या माणसानं फोटो मोठा केला, कडेले बोट ठेवलं अन् म्हणे, ‘हा मी.’ मग पूनमसिंगले म्हणे, एक ओळ लिहून दे. नंबर पूनमसिंगनं आपल्या मनानं टाकला.

नासिरजवळ बटणवाला साधा फोन आहे. तुझी साइट त्याच्या फोनात कधीच उघडली नसती.

अम्मीले काही न सांगता निघालो. गोपाल म्हणे मी येतो. मी म्हटलं कायले, तर म्हणे, विचारलं कोणाबद्दल आहे?

निर्मल, कपिल! आपल्याच रोडवर. माझ्या हातची दुरुस्त केलेली गाडी किती वेळा त्या जिनिंगच्या फाटकापुढून गेली असीन.

तो रुईच्या ढिगामागून आला. केसावर, भुवयावर सगळी रुई. मले वाटलं म्हातारा झाला. मग झटकली, तर तोच. माझ्याकडे नाही पाह्यलं, पहिले गोपालकडे पाह्यलं. गोपालनं हात जेवढा जाते तेवढा वर केला. म्हणे, ‘पाहून घे. याच्यावर जात नाही. पण शिटी वाजवता येते, आता मी पंच आहे. तू नेटले हात लावशीन तर सोडणार नाही.’ नासिर हसला बी नाही, रडला बी नाही. गोपालचा तो हात दोन्ही हातात धरून खाली बसला.

मग मले विचारलं, ‘अब्बा अजून चिडून आहे का?’

मी सगळं पाठ करून गेलतो. काहीच आठवलं नाही. मी म्हटलं, ‘अब्बा नाही राहिला, नासिर.’ तो पाहत राहिला. मी म्हटलं, ‘चिडून नव्हता. येणाऱ्या प्रत्येक ट्रकले तुले विचारत होता.’ त्यानं विचारलं, ‘काय विचारत होता?’ मी सांगतलं, माझा लहाना पोरगा दिसला का, उंच आहे, डाव्या हातानं सर्व्हिस करते. त्यानं ते मले परत सांगाले लावलं. परत सांगतलं. मग उठून नळावर गेला अन् नळ चालू सोडून तिथंच उभा राहिला. पूनमसिंगनं जाऊन नळ बंद केला.

घरी चल म्हटलं. म्हणे, ‘सीझन संपू दे.’ मी म्हटलं, दोन दिवस तरी चल. म्हणे, ‘त्या ग्राउंडवर मले पाय ठेवता येणार नाही, भाई. अब्बा असता तर ठेवला असता.’ बस आली तवा त्यानं गोपालले चढवलं, माझी पिशवी दिली. खिडकीतून मी हात केला. मी पाहत होतो तोपर्यंत तो तिथंच उभा होता.

घरी आलो. अम्मी दरवाज्यात. तिले कसं समजते काय माहीत. मी बोलाच्या आधीच म्हणे, ‘जिंदा है ना?’ मी म्हटलं हो. म्हणे, ‘हात धो, खाना खा.’ अन् पोळ्या टाकाले बसली. पाठ माझ्याकडे होती.

अब्बाची श्रद्धांजली आता लाव. तू लिहिली होती तीच.

जमीर

पांढरकवडा
२ मार्च २०२५

प्रिय कपिल,

अब्बाचा फोटो पाह्यला. चांगला दिसते.

नासिर केव्हा येते, असं तू विचारलं. तो नाही आला. अम्मीच तिकडं गेली.

मी निर्मलहून आल्यावर तिनं काही दिवस जाऊ दिले. मग एका सकाळी तयार होऊन बसली. गोधडीचं गाठोडं, लोणच्याची बरणी, अब्बाचा जुना स्वेटर. म्हणे, मले बसमध्ये बसवून दे. मी म्हटलं सोबत येतो, तर म्हणे, गॅरेज कोण पाहीन? अब्बा गेला तवापासून ती गल्लीच्या बाहेर गेली नव्हती. खिडकीजवळ बसली अन् माझ्याकडे पाह्यलं बी नाही, समोरच्या रोडकडे पाहत होती.

पूनमसिंग तिले स्टँडवरून घेऊन गेला. जिनिंगच्या मागं नासिरची एक खोली आहे. त्याच खोलीत ती राहून राह्यली आहे.

गॅरेज बंद करून घरी येतो तर घरात काहीच आवाज नाही. मले स्वयंपाक येत नाही, तुले माहीत आहे. गोपाल डबा आणून देते, बसते थोडा, मग त्याचे पोरं वाट पाहतात म्हणून जाते. आता समजलं, तू जेवताना कायले फोन उघडून ठेवतं. साइटचं काम झालं, आता तुले लिहाले कारण नाही उरलं. तरी लिहत जा. मी बी लिहतो.

अम्मीचा काल फोन आलता. मागं नासिर काहीतरी बोलत होता, भांडे वाजत होते. ती हसली. कपिल, अम्मीले हसताना मी किती दिवसानं ऐकलं. मी विचारलं, सीझन संपून राह्यला, तुम्ही दोघं कधी येता? म्हणे, इथं पूनमसिंगनं त्याले बारमाही काम पाहून दिलं आहे, आता त्याले एकट्याले सोडवत नाही.

मी म्हटलं, ‘अन् इथं?’

म्हणे, ‘वहाँ तू है ना, बेटा.’

मी म्हटलं, हो, आहे.

जमीर